लाईट गेली तर ते काय करतंय?

डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा गुडघा हातात घेऊन रोबोच्या मदतीनं गुडघ्याचं ऑपरेशन कसं करतात ते पंधरा मिनिटं समजावलं आणि शेवटी विचारलं, "काही शंका, आजी?"

आईनं पदर सावरला. "लाईट गेली तर ते काय करतंय?"

मला कसंनुसं झालं. पण डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "हॉस्पिटलला जनरेटर आहे, मशीनला स्वतःची बॅटरी आहे. तरीही बंद पडलंच, तर जिथं असेल तिथं थांबतं. पुढचं मी हातानं पुरं करतो. हाताची सगळी हत्यारं शेजारी ट्रेमध्ये तयार असतात."

"मग पैल्यापास्नंच हातानं करा की," आई म्हणाली.

समोरच्या फॉर्मवर दोन चौकोन होते. एक 'कन्व्हेन्शनल', म्हणजे नेहमीचं हातानं, दुसरा 'रोबोटिक'. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, घाई नाही, घरी बोलून या. आम्ही घरी आलो आणि तीन आठवडे नुसतं बोलतच राहिलो.

आई सहासष्ट वर्षांची. आमचं गाव मणेराजुरीच्या बाजूला. तिचं अर्धं आयुष्य द्राक्षबागेत गेलं आणि उरलेलं बेदाण्याच्या शेडवर, मांडी घालून बेदाणा निवडण्यात. उजवा गुडघा सहा वर्षांपासून दुखत होता, डाव्यानं दोन वर्षांपूर्वी त्याला साथ दिली. तेल झालं, लेप झाला, कुणीतरी सांगितलेला पट्टा झाला, गुडघ्यात इंजेक्शनं झाली. शेवटी ती जिन्याची एकेक पायरी बाळासारखी दोन्ही पाय टेकवत उतरायला लागली, तेव्हा एक्सरे काढला. दोन हाडांमधली गादी संपून हाडावर हाड घासत होतं. पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकला होता.

आमच्याकडं ह्या ऑपरेशनला 'वाटी बदलणं' म्हणतात. डॉक्टरांनी पहिला गैरसमज तिथंच काढला. वाटी बदलत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक आठ-दहा मिलिमीटर कापून त्यावर धातूची टोपी बसवतात, मध्ये प्लॅस्टिकची चकती घालतात. दाताला कॅप बसवल्यासारखं. आईला हे पटलं, कारण तिच्या दोन दाढांना कॅप आहेत. हे सगळं हातानं करा नाहीतर रोबोनं, आत बसणारी वस्तू तीच असते. फरक असतो तो हाड कुठं, किती आणि कुठल्या कोनात कापायचं ह्याच्या मापात.

आता माझं सांगतो. कुपवाड एमआयडीसीत माझी लहानशी शेड आहे. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीनं, आणि चार माणसं. दिवसभर मी मशीनवर मापं काढतो. त्यामुळं घरच्यांना वाटलं, हा रोबोच्या बाजूनं उभा राहणार. झालं उलटंच. घरात सगळ्यात जास्त शंका मलाच. मशीन कसं काम करतं हे ज्याला ठाऊक असतं, त्याला ते कसं चुकतं हेही ठाऊक असतं. हातानं काम करणारा माणूस दहा जॉबमध्ये एक बिघडवेल. सीएनसीचा झिरो, म्हणजे सगळी मापं जिथून धरायची तो बिंदू, चुकला तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळे जॉब बिघडतात, आणि सगळे एकसारखे, चकचकीत, पहिल्या नजरेत झकास दिसणारे. म्हणून आम्ही पहिला पीस मोजल्याशिवाय दुसरा लावत नाही. आईचा गुडघा हा तर पहिला आणि शेवटचाच पीस.

बातमी फुटल्यावर घरी येणाऱ्या प्रत्येकाकडं मत होतं. शेजारच्या काकूंना वाटत होतं की डॉक्टर बाहेर केबिनमध्ये चहा घेत बसतो आणि आत रोबो एकटाच कापाकापी करतो. सांगली-मिरज रस्त्यावरच्या फलकाचा हा परिणाम. पांढरा, चेहरा असलेला, छातीवर हात घेतलेला रोबो त्यावर उभा केलाय, आणि डॉक्टर त्याच्या मागं लहानसे. असला रोबो कुठल्याच ऑपरेशन थिएटरमध्ये नसतो, पण तो फलक बघून काकूंनी दुसरं काय समजायचं? माझ्या शेडवरचा ऑपरेटर म्हणाला, "शेठ, आपल्या व्हीएमसीला पावसाळ्यात अलार्म येतो तसा त्याला आला तर?" हाही प्रश्न आईच्याच जातीचा. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आठवडाभर अंधारात काढलेल्या माणसांना 'लाईट जाणारच नाही' असं कुणी सांगितलं तर ते ऐकून घेत नाहीत.

थोरल्या अक्काचा पोरगा हिंजवडीत नोकरीला. त्याचं मत एकदम दुसऱ्या टोकाला. रोबोटिक म्हणजे बेस्ट, सांगलीत कशाला, पुण्याला आणा. पुरावा म्हणून त्यानं एक व्हिडिओ पाठवला. रोबोच्या बारीक चिमट्यांनी द्राक्षाची साल सोलून परत टाके घालून शिवतात, तो. जगभर फिरलेला व्हिडिओ आहे. आमच्याकडं मात्र त्याची चर्चा भलत्याच अंगानं झाली. पाहुण्यातल्या दोघा बागायतदारांनी ते द्राक्ष थॉमसन का सोनाका ह्यावर वाद घातला. आईनं दोनदा बघितला आणि म्हणाली, "द्राक्षाला टाकं घालून खायाचं कसं?"

तो व्हिडिओ ज्या मशीनचा आहे त्याचं आमच्या कामाशी काही नातं नाही, हे मला नंतर कळलं. ते 'दा विंची'. पोटातल्या, प्रोस्टेटच्या, गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी. अमेरिकेत २००० साली त्याला परवानगी मिळाली. त्यात सर्जन रुग्णापासून थोडा लांब, वेगळ्या कन्सोलवर बसतो, दुर्बिणीतलं चित्र मोठं आणि थ्रीडी बघतो आणि बोटांनी दांडे हलवतो. त्याच्या हाताची हालचाल लहान होऊन रुग्णाच्या पोटातल्या हत्यारापर्यंत पोचते, हाताचा कंप मध्येच गाळला जातो. २००१ मध्ये तर न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जननं फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका बाईचं पित्ताशय अशा पद्धतीनं काढलं. पण तिथंही मशीन स्वतःच्या मनानं काही करत नाही. हात उचलला की तेही थांबतं. गुडघ्याचा रोबो म्हणजे एक हात, त्याच्या टोकाला करवत, आणि ती करवत डॉक्टरच्याच मुठीत. लोक दोन्हीला 'रोबो' म्हणतात आणि एकाची भीती दुसऱ्याला, एकाचं कौतुकही दुसऱ्याला लावतात.

भाच्याच्या 'बेस्ट'वर मी रात्री बसून थोडं वाचलं. २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्या बायकांचं पोट उघडून ऑपरेशन, अर्ध्यांचं दुर्बिणीतून, त्यातल्या काहींचं रोबोनं. लहान छेद, कमी रक्त, लवकर घरी, सगळे गृहीत धरून बसले होते की दुसरा गट निदान बरोबरीत तरी राहील. साडेचार वर्षांनी कॅन्सर परत न आलेल्या बायका उघड्या ऑपरेशनमध्ये ९६.५ टक्के निघाल्या आणि लहान छेदाच्या गटात ८६ टक्के. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कॅन्सरमध्ये रोबो वापरण्याबद्दल इशारा काढला. हे मी भाच्याला पाठवलं. त्यानं अंगठा पाठवला. (गुडघ्याला हे लागू नाही, हेही मी त्याला लिहिलं. नाहीतर तो तिसऱ्याच टोकाला गेला असता.)

खरा विरोध मामाचा. मामा किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत बत्तीस वर्षं होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना कसा उभा केला, ही त्याची कुठल्याही लग्नात सांगायची गोष्ट. त्यातला त्याचा आवडता भाग लोखंडी नांगराचा. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल म्हणून शेतकरी नांगराला हात लावायला तयार नव्हते आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. तर मामा आईला म्हणाला, "ताई, आपली आई मिरजेला मिशनात नेली तवा डॉक्टरनं नुसता हात लावला आन् उठून बसली. हातगुण लागतो. यंत्राला कुठला हातगुण?"

मिशन म्हणजे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेला दवाखाना. आमच्या आजीला साठच्या दशकात तिथं नेलं तेव्हा स्वतः वॉन्लेस जाऊन तीस वर्षं होत आली होती, पण ह्या भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात त्यांचा हात अजून जिवंत आहे. सांगली-मिरजेकडं बेळगावपासून, विजापुरापासून माणसं येतात ती मशीन बघून येत नाहीत. अमक्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे, एवढं ऐकून येतात.

मी मामाला त्याचीच गोष्ट ऐकवली. म्हटलं, लोखंडी नांगरालाही लोक असंच म्हणत होते ना? मामा क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, "नांगर विकत घेणाऱ्याच्या हातात हुता रं. बैल त्याचं, रान त्याचं. वाकडं गेलं तर त्यालाच दिसत हुतं. ह्यात ताई टेबलावर झोपलेली. हात कुणाचा ते तिला दिसतंय का?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण दुसऱ्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र ठरलं.

ती भेट मी एकट्यानं घेतली. विचारलं, ह्या मशीनवर तुम्ही स्वतः किती केलीत? हातानं किती केलीत? मशीन मध्येच सोडून हातावर यावं लागलं असं कधी झालं का? मशीन बसवायला कंपनीचा माणूस लागतो का, आणि तो त्या दिवशी असेल का? शेवटचा प्रश्न असा की रोबोनं केलं तर आई दहा वर्षांनी जास्त चांगली चालेल का?

डॉक्टरांनी आकडे सांगितले. हाताचे हजाराच्या पुढं, रोबोचे दोनशेच्या आत. दोनदा मशीन सोडून हातानं पुरं केलेलं. शेवटच्या प्रश्नावर ते खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "तसं मी लिहून देणार नाही." मग त्यांनी कोरियातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. तिथं शेकडो माणसांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून निम्म्यांचे गुडघे रोबोनं केले, निम्म्यांचे हातानं, आणि दहा वर्षांहून जास्त काळ त्यांना बघत राहिले. २०२० मध्ये निकाल छापला. चालणं, दुखणं, सांधा टिकणं, कशातच फरक नाही. "तो रोबो जुन्या पिढीचा होता," डॉक्टर म्हणाले, "आताच्यात माप जास्त नेमकं येतं, हे मी स्वतः बघतो. पण नेमकं माप म्हणजे चांगलं चालणं, हे अजून सिद्ध व्हायचंय. तुमच्या आईचा पाय बराच वाकडा आहे, अशा पायात मला मशीनची मदत बरी वाटते. एवढंच सांगू शकतो."

ह्या उत्तरानं मी निम्मा वळलो. खाली काउंटरवरच्या मॅडमनं मात्र आधीच 'रोबोटिक म्हणजे शंभर टक्के गॅरंटी' असं सांगून ठेवलं होतं. एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बोलतात, तळमजल्यावर दुसरं.

पैशाचंही सांगायला हवं, कारण आमच्याकडं मत बनतं त्यात निम्मा वाटा त्याचाच असतो. साधं ऑपरेशन २ लाख १० हजार, रोबोटिक २ लाख ९० हजार. २०१७ च्या ऑगस्टात सरकारनं गुडघ्याच्या सांध्याच्या किमती बांधल्या. दीड लाखाच्या घरात जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला. पण ती मर्यादा सांध्याला आहे, मशीनच्या भाड्याला नाही. त्यामुळं बिलात सांध्याची ओळ लहान होत गेली आणि तिच्या खाली 'रोबोटिक असिस्टन्स' नावाची नवी ओळ उगवली. विम्याचं आणखी वेगळं. नियामकानं २०१९ मध्ये काढलेल्या सूचनांमुळं विमा कंपन्यांना रोबोटिक सर्जरी सरसकट वगळता येत नाही. वगळता येत नाही, पण मर्यादा घालता येते. माझ्या ५ लाखांच्या पॉलिसीत ती निम्मी, म्हणजे अडीच लाख. साधं केलं असतं तर खिशातून जवळजवळ काही गेलं नसतं. रोबोटिकला चाळीस हजार वर, शिवाय हातमोजे-कापसाचे कापून घेतले ते वेगळे. पॉलिसी घेताना ही ओळ मी वाचली नव्हती. ज्यांची पॉलिसी घरात कपाटात आहे त्यांनी आज काढून बघावी, 'आधुनिक उपचार' ह्या मथळ्याखाली असते.

ऑपरेशनच्या आधीच्या बुधवारी डॉक्टरांनी मला संध्याकाळी बोलावलं. "तुम्ही मशीनवाले, तुम्हाला दाखवतो." कंपनीचा मुलगा आला होता, पंचवीस-सव्वीसचा, इचलकरंजीचा. टेबलावर क्लॅम्पमध्ये धरलेलं प्लॅस्टिकचं हाड, शेजारी पडदा, आणि तो प्रसिद्ध रोबो. दिसायला आमच्या शेडमधल्या ड्रिल मशीनचा सुशिक्षित भाऊ. फलकावरचा चेहरा त्याला कुठंच नव्हता.

आईचा सीटी स्कॅन आधीच झाला होता, कंबरेपासून घोट्यापर्यंत. त्यावरून तिच्या हाडाचं चित्र पडद्यावर उभं होतं, कुठला सांधा, कुठल्या मापाचा, किती कोनात, सगळं मांडून. पण पडद्यावरचं हाड आणि टेबलावरचं हाड एकच आहे हे मशीनला कसं कळणार? तिथं मला माझा धंदा दिसला. हाडात दोन पिना घालतात, त्यावर चमकणाऱ्या गोळ्यांची फ्रेम, आणि समोरचा कॅमेरा त्या गोळ्या सतत बघत असतो. मग डॉक्टर टोकदार प्रोब घेऊन हाडाला चाळीसेक ठिकाणी टेकवतात. प्रत्येक टेकवणीला पडद्यावर एक ठिपका. शेवटी मशीन सांगतं, चित्र आणि हाड ह्यांत इतक्या मिलिमीटरचा फरक. जास्त असला तर पुन्हा.

म्हणजे झिरो सेटिंग! व्हीएमसीवर जॉब बांधला की आम्ही हेच करतो. कडा शोधायच्या, झिरो धरायचा, मगच टूल खाली आणायचं. आणि झिरो धरतो तो माणूस.

मी त्या मुलाला विचारलं, झिरो धरल्यावर कुणाचा धक्का लागून पिन हलली तर? तो जरा चमकला, मग खूश झाला. म्हणाला, "काका, हा प्रश्न कुणी विचारत नाही." हाडात एक वेगळी खूण असते. करवत लावायच्या आधी प्रोब त्या खुणेला टेकवायचा. माप जुळलं नाही तर मशीन पुढं जाऊ देत नाही. पिन हलली असेल तर परत सगळी मापं, नाहीतर मशीन बाजूला आणि हातानं काम. गोळीवर रक्त उडालं तरी कॅमेऱ्याला ती दिसत नाही आणि सगळं थांबतं. पुसून पुढं.

मग त्यानं हँडल माझ्या हातात दिलं. प्लॅस्टिकवर करवत चालवली. जिथं कापायचं आहे तिथं ती सहज जात होती, माझ्या ताकदीनं, माझ्या वेगानं. हद्दीला पोचली आणि भिंतीला टेकल्यासारखी अडली. मी मुद्दाम जोर लावला. नाही. सोडलं की सैल, ढकललं की भिंत. मामाचा प्रश्न मला तिथं आठवला. हात कुणाचा, तर हात माझाच होता. हद्द मात्र कुणीतरी आधी आखून ठेवलेली होती, आणि ती ज्यानं आखली त्याच्या हातगुणावरच सगळं होतं. हे मी मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे सेटर चांगला पायजे." सेटर म्हणजे मशीनची मापं लावून देणारा माणूस. बत्तीस वर्षं फाउंड्रीत काढलेल्या माणसाला एवढ्यात कळलं. शेजारच्या काकूंना मी अर्धा तास समजावत होतो.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "तू हात लावून आलास न्हवं? मग लिव त्या कागदावर." मी रोबोटिकच्या चौकोनात खूण केली. त्यात माझं किती, डॉक्टरांच्या 'लिहून देणार नाही'चं किती आणि त्या हँडलच्या मजेचं किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मजेचा वाटा होता, हे कबूल.

ऑपरेशनआधीच्या तपासण्या भरपूर. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, लघवी, छातीचा फोटो, इको, आणि दातही बघितले, कारण दातातला जंतू रक्तातून नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतो. ह्या कुठल्याच गोष्टीबद्दल आमच्या घरात तीन आठवड्यांत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. नवा सांधा बिघडायचं सगळ्यात वाईट कारण जंतुसंसर्ग, आणि त्यात रोबोची काही मदत नाही. आम्ही भांडत होतो लाईटवर.

त्या दिवशी सकाळी साडेसातला आईला आत नेलं. एक तास चाळीस मिनिटं. पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कंबरेखाली बधिर केलं होतं, वर थोडं गुंगीचं. बाहेर आल्यावर तिचं पहिलं वाक्य, "आत सुतारकाम चाललं हुतं." करवतीचा आवाज, हातोडीचे ठोके, डॉक्टर कुणाला तरी 'अजून एक मिलिमीटर' म्हणाले ते, सगळं तिनं अर्धवट ऐकलं होतं. "आणि रोबो?" मी विचारलं. "त्येचा काय आवाज न्हाई आला. डॉक्टरच बोलत हुता की सगळा येळ."

संध्याकाळी वॉकर धरून उभं केलं, दुसऱ्या दिवशी दारापर्यंत चालवलं. दुखणं ऑपरेशनच्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी सुरू झालं. भूल पूर्ण उतरली आणि फिजिओथेरपीवाली मुलगी आली. गुडघा सरळ करायचा, टाच उचलायची, मग वाकवायचा. आई ज्या शिव्या रोबोसाठी राखून बसली होती त्या सगळ्या ह्या पोरीच्या वाट्याला आल्या. पोरगी मिरजेची, तिनं त्याहून अस्सल परत दिल्या असत्या, पण हसून म्हणाली, "आजी, शिव्या देताना गुडघा जास्त वाकतो. द्या." दोन आठवड्यांनी टाके काढले तेव्हा नव्वद अंशापर्यंत आला होता. ते श्रेय मशीनचं नाही, त्या मुलीचं आणि शिव्यांचं.

एक कटकट झाली. नडगीवर जिथं पिना घातल्या होत्या तिथल्या दोन लहान जखमांपैकी एक आठ दिवस पाझरत राहिली. साध्या ऑपरेशनमध्ये ह्या जखमा नसतातच. ड्रेसिंगनं बरी झाली, पण फॉर्मवर खूण करताना ह्या दोन भोकांचा मी विचार केला नव्हता.

भेटायला येणाऱ्यांना गुडघ्यापेक्षा रोबोत रस. काकूंनी टाके निरखून बघितले आणि म्हणाल्या, "किती सरळ रेष आहे, मशीनचंच काम." आई म्हणाली, "टाकं डॉक्टरच्या हाताखालच्या पोरानं घातल्यात." बेदाण्याच्या शेडवरच्या बायका टेम्पो करून आल्या. त्यांचा प्रश्न वेगळा होता. आता खाली बसता येतंय का? जेवायला पाटावर, निवडायला मांडी घालून. नाही, डॉक्टरांनी मांडी घालू नका सांगितलंय. त्यावर एकजण म्हणाली, "मग रोबोचा काय उपेग?" आणि खोलीभर शांतता झाली. आमच्या फॉर्मवर ह्या प्रश्नाला चौकोनच नव्हता.

शेजारच्या कॉटवर जतच्या एक आजी होत्या. आईच्या दोन दिवस आधी, त्याच डॉक्टरांनी, साध्या पद्धतीनं. सहा आठवड्यांनी तपासणीला दोघी एकाच दिवशी आल्या. जतच्या आजी काठीशिवाय आल्या, आईच्या हातात काठी होती. एका माणसावरून काही ठरत नाही, हे मला कळतं. तरी परतीच्या वाटेवर रिक्षात आईनं माझ्याकडं बघितलं आणि मी बाहेर गणपती मंदिराकडं बघत राहिलो. आता चार महिने झालेत. काठी सुटली, उजवा पाय सरळ दिसतो, जिना ती माणसासारखा उतरते. वर जाताना मात्र अजून कठडा धरते.

डावा गुडघा दिवाळीनंतर करायचा ठरलाय. तो उजव्याइतका वाकडा नाही. आई म्हणते, ह्या पायाला साधंच कर, उरलेल्या पैशात घराच्या मागं पत्रा टाक. मामा, जो हातगुणावर अडून बसला होता, तो म्हणतो, आता मशीनवर सेटर तयार झालाय, तर मशीननंच कर. भाचा पुण्याला आणा म्हणतो, तो बदललेला नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "ह्या पायाला दोन्ही चालेल." आईनं त्यांना एकच विचारलं, "तुम्ही हितंच ऱ्हाणार न्हवं दिवाळीपतूर? का कुठं बदली?" ते म्हणाले, खासगी दवाखाना आहे आजी, मला कोण बदली करणार. मग तिनं फॉर्मवर अंगठ्याऐवजी सही केली, 'सौ.' खोडून 'श्रीमती' लिहून. चौकोन दोन्ही तसेच आहेत. पेन माझ्या खिशात आहे.